बाहेरच्या एडिटरमध्ये मेल लिहिणं आणि आलेला मेल सुधारणं: कुठे जमतं, कुठे अंगाशी येतं

तुमच्या प्रश्नात मला तीन गोष्टी दिसतात. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमच्या लिहिण्याच्या चौकटीत लांब मेल लिहायचा कंटाळा येतो, म्हणून तो मजकूर व्हिम किंवा व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये (मजकूर लिहायच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून लिहायचा आहे, ही पहिली. तशी सोय करून पाहिली तर एडिटर उघडतो, पण त्यात लिहून सेव्ह केलेलं मेलमध्ये येतच नाही, ही दुसरी. आणि आलेल्या जुन्या मेलांचे विषय सुधारायचे आहेत, जड अटॅचमेंट काढायच्या आहेत, तेही बाहेरच्या प्रोग्रॅमने करता येईल का, ही तिसरी. पहिल्या दोन एकाच यंत्रणेच्या आहेत. तिसरी दिसायला त्यांच्यासारखी असली तरी तिची जातकुळी वेगळी आहे, म्हणून ती शेवटी घेतो.

आधी यंत्रणा. ‘बाहेरचा एडिटर’ म्हटलं की मेल क्लायंट (थंडरबर्डसारखा मेलचा प्रोग्रॅम) आणि एडिटर एकमेकांशी बोलत असतील असं वाटतं. तसं काही नसतं. क्लायंट मेलचा मजकूर एका टेम्पररी फाईलमध्ये लिहितो, त्या फाईलचं नाव देऊन एडिटरची कमांड चालवतो आणि ती प्रोसेस (म्हणजे चालू झालेला प्रोग्रॅम) संपायची वाट बघत बसतो. संपली की फाईल पुन्हा वाचायची, चौकटीत भरायची, फाईल पुसून टाकायची. एवढाच व्यवहार. तुम्ही मध्ये किती वेळा सेव्ह केलंत याचा क्लायंटला पत्ता नसतो. प्रोसेस संपली, एवढंच त्याला कळतं.

तुमची दुसरी अडचण नेमकी इथे आहे. हल्लीचे बहुतेक खिडकीवाले एडिटर एकाच चालू प्रतीत काम करतात. तुम्ही नवी कमांड दिलीत की ती आधीच उघड्या असलेल्या खिडकीला फाईलचं नाव सांगते आणि स्वतः लगेच संपते. क्लायंटला वाटतं, झालं काम. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत जुनीच फाईल वाचून घेतो, आणि तुम्ही पुढचा अर्धा तास अशा फाईलमध्ये लिहीत राहता जिची आता कोणी वाट बघत नाही. फाईल पुसली गेली असेल तर एडिटर सेव्ह करताना ती बिनतक्रार पुन्हा तयार करतो, त्यामुळे काही बिघडल्याची शंकाही येत नाही.

उपाय म्हणजे एडिटरला थांबायला सांगणं. व्हीएस कोडला ‘--वेट’ हा पर्याय द्यावा लागतो (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचा, पुढचेही तसेच). तो दिला की तो टॅब बंद करेपर्यंत कमांड संपत नाही. सब्लाइम टेक्स्टला तेच ‘--वेट’. केटला ‘--ब्लॉक’. जीव्हिम सुरू होताच टर्मिनलपासून सुटून वेगळा होतो, त्याला ‘-एफ’ देऊन जागेवर धरावं लागतं. नोटपॅड++ ला ‘-मल्टीइन्स्ट’ आणि ‘-नोसेशन’ हे दोन्ही दिले की त्या एका फाईलसाठी वेगळी प्रत उघडते आणि ती बंद होईपर्यंत प्रोसेस जिवंत राहते. ईमॅक्सचा क्लायंट मात्र मुळातच थांबतो. कंट्रोल-एक्स आणि मग हॅशचं चिन्ह दाबलं की तो ‘झालं’ असं कळवतो. तिथे गडबड होते ती लोकांनी कुठून तरी उचललेल्या ‘-एन’ मुळे, कारण त्याचा अर्थच ‘थांबू नको’ असा आहे.

क्लायंटच्या सेटिंगमध्ये हात घालण्याआधी एक चाचणी करा. टर्मिनलमध्ये तीच कमांड एखाद्या साध्या फाईलवर चालवा. एडिटरची खिडकी बंद करण्याआधीच प्रॉम्प्ट (पुढची कमांड मागणारी खूण) परत आला तर दोष कमांडचा आहे, मेल क्लायंटचा नाही. ही तपासणी न करता अ‍ॅड-ऑन काढून पुन्हा घालणारे, प्रोफाईल नवीन बनवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या खटाटोपाने काहीच बदलत नाही, कारण कमांड तीच राहते.

आता कोणत्या क्लायंटमध्ये ही सोय कशी आहे ते. मटसारख्या टर्मिनलमधल्या क्लायंटला लिहिण्याची स्वतःची चौकटच नाही. १९९५ पासून तो मजकूर दुसऱ्याच्या हवाली करत आलाय, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. ‘एडिट हेडर्स’ चालू केलं की विषय आणि पत्तेही त्याच फाईलमध्ये वर दिसतात. क्लॉज मेलमध्ये प्रेफरन्सेसमधल्या बाहेरच्या प्रोग्रॅमच्या पानावर एडिटरची कमांड लिहायची, फाईलच्या नावाच्या जागी ‘%एस’ ठेवायचं. नवा मेल सुरू करताच एडिटर आपोआप उघडावा असंही सांगता येतं. इव्होल्यूशनमध्ये हे काम एका प्लगइनकडे आहे. केमेलमध्ये कंपोझरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा एडिटर निवडता येतो, तिथे फाईलसाठी ‘%एफ’.

थंडरबर्डमध्ये मुळात अशी सोय नाही, अ‍ॅड-ऑन लागतं. आणि हे अ‍ॅड-ऑन नेहमीच्यासारखं एका क्लिकने का बसत नाही, यामागे एक कारण आहे. पूर्वीची अ‍ॅड-ऑन्स थंडरबर्डच्या आतड्यापर्यंत पोचू शकत, त्यामुळे कुठलाही प्रोग्रॅम थेट चालवता येई. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून फक्त मेलएक्स्टेन्शन प्रकारची अ‍ॅड-ऑन्स चालतात, आणि त्यांना तुमच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम परस्पर सुरू करायची मुभा नाही. म्हणून ‘एक्स्टर्नल एडिटर रिव्हाइव्ड’ या अ‍ॅड-ऑनचे दोन भाग आहेत. एक थंडरबर्डच्या आत बसतो. दुसरा एक छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. पहिला भाग मजकूर दुसऱ्याकडे देतो, दुसरा फाईल बनवून एडिटर चालवतो आणि मजकूर परत पाठवतो. या देवाणघेवाणीला नेटिव्ह मेसेजिंग म्हणतात.

यातून बिघाडाच्या तीन नव्या जागा तयार होतात. दुसरा प्रोग्रॅम कुठे आहे ते सांगणारी एक छोटी जेसॉन (ठरलेल्या साच्यातल्या मजकुराची) फाईल ठरलेल्या ठिकाणी असावी लागते, विंडोजवर तिची नोंद रजिस्ट्रीत करावी लागते. दोन्ही भागांच्या आवृत्त्या जुळायला हव्यात; थंडरबर्ड आतला भाग आपोआप अद्ययावत करतो, बाहेरचा प्रोग्रॅम मात्र जुनाच राहतो, आणि काल चालणारी गोष्ट आज बंद पडते. तिसरी जागा सर्वांत छळणारी: थंडरबर्ड स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या लिनक्सवरच्या बंदिस्त पॅकेजांतून घेतला असेल तर तो कुंपणाच्या आत चालतो आणि बाहेरचा प्रोग्रॅम त्याला सापडतच नाही. माझं मत विचाराल तर बाहेरचा एडिटर रोज वापरायचा असेल तर त्या कुंपणाशी झुंजण्यापेक्षा डिस्ट्रिब्यूशनचं साधं पॅकेज किंवा थंडरबर्डच्या साइटवरची साधी प्रत घ्या. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. नेटिव्ह मेसेजिंगमध्ये बाहेरून आत येणारा एक संदेश १ एमबीपेक्षा मोठा असू शकत नाही. शुद्ध मजकूर एवढा कधी होत नाही, पण एचटीएमएल मेलमध्ये चिकटवलेली चित्रं मजकुराचाच भाग म्हणून गेली की ही हद्द ओलांडायला दोन फोटो पुरतात. चित्रं नंतर, एडिटरमधून परत आल्यावर घाला.

एचटीएमएलचा विषय निघालाच आहे तर तो संपवू. तुमचा मेल एचटीएमएलमध्ये असेल तर एडिटरमध्ये टॅगांचं जंगल उघडतं. काही लोक त्यातही रमतात, मला ते जमत नाही. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये ‘कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग’ या पानावर एचटीएमएलची खूण काढली की त्या खात्याचे मेल साध्या मजकुरात सुरू होतात. एखादवेळीच हवं असेल तर शिफ्ट दाबून नव्या मेलच्या बटणावर किंवा ‘रिप्लाय’वर क्लिक केलं की नेहमीच्या उलट प्रकार उघडतो. ठळक, तिरकं, तक्ते हे सगळं हवंच असेल तर एडिटरमध्ये मार्कडाउन (साध्या चिन्हांनी ठळक-तिरकं दाखवायची पद्धत) लिहून पॅनडॉक या रूपांतराच्या प्रोग्रॅमने त्याचं एचटीएमएल करणं हा बरा रस्ता आहे. बाहेरचा एडिटर खरा शोभतो तो साध्या मजकुराला.

साध्या मजकुरात मात्र एक अदृश्य गोष्ट सांभाळावी लागते: ओळीच्या शेवटची रिकामी जागा. कोड लिहिणारे लोक एडिटरमध्ये ‘सेव्ह करताना शेवटच्या स्पेस काढून टाक’ हे सेटिंग हमखास लावून ठेवतात, कारण कोडमध्ये त्या कचराच असतात. मेलमध्ये त्यांना अर्थ असतो. सहीच्या आधीची खूण दोन डॅश आणि त्यानंतर एक स्पेस अशी आहे. ती स्पेस उडाली की समोरचा क्लायंट तिला सही मानत नाही आणि प्रत्येक उत्तरात तुमची सही उद्धृत होऊन वाढत जाते. दुसरं, आरएफसी ३६७६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) मधली ‘फॉरमॅट=फ्लोड’ पद्धत पूर्णपणे याच स्पेसवर उभी आहे: ओळीच्या शेवटी स्पेस असेल तर परिच्छेद पुढे चालू आहे, नसेल तर ओळ तिथे तुटली. स्पेस काढल्या की मोबाईलवर वाचणाऱ्याला तुमचा मेल अर्धवट ओळींचा जिना दिसतो. मेलच्या फाईलींपुरतं हे सेटिंग बंद ठेवा.

ओळींच्या लांबीबद्दल लोकांचा उगाच गोंधळ होतो. आरएफसी ५३२२ म्हणतं की ओळ ९९८ अक्षरांपेक्षा लांब असताच कामा नये, आणि ७८ च्या आत असली तर उत्तम. व्हिममध्ये मेलची फाईल ओळखली गेली की तो स्वतःच ७२ वर ओळ मोडतो. इंग्रजीत हे ठीक. देवनागरीत प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वारही त्यात मोजले जातात. ९९८ ची मर्यादा व्यवहारात बाइटांना लागू होते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ३३२ चिन्हं. न मोडलेला एक मध्यम परिच्छेद ही मर्यादा सहज ओलांडतो. तरी घाबरायचं कारण नाही: क्लायंट पाठवताना मजकूर बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या पद्धतीने साध्या इंग्रजी अक्षरांत गुंडाळतो आणि तिथल्या ओळी ७६ च्या आतच असतात. लांब ओळीची चिंता फक्त त्याने करावी जो कच्ची फाईल हाताने बनवतो.

या दोन गुंडाळ्यांतला फरकही पाहण्यासारखा आहे. बेस६४ मध्ये तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे एका देवनागरी चिन्हाला चार. कोटेड-प्रिंटेबलमध्ये एका बाइटाला तीन, म्हणजे एका चिन्हाला नऊ. मराठी मेल कोटेड-प्रिंटेबलमध्ये गेला तर बेस६४ च्या दुपटीहून जास्त फुगतो. हे क्लायंट ठरवतो, तुमचा एडिटर नाही. पण पुढे कच्चा मेल उघडाल तेव्हा मराठी मजकुराच्या जागी नुसता अक्षरांचा लगदा का दिसतो, ते यावरून कळेल.

एडिटरकडे एवढंच पाहायचं की फाईल यूटीएफ-८ मध्ये आणि बीओएमशिवाय सेव्ह होते. बीओएम म्हणजे फाईलच्या अगदी सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. मजकुरात ते आले तर फार तर एखादं विचित्र चिन्ह दिसेल. पण फाईलच्या पहिल्या ओळीवर हेडर (विषय, पत्ता यांची ओळ) असेल, आणि वर सांगितलेल्या अ‍ॅड-ऑनमध्ये किंवा मटच्या ‘एडिट हेडर्स’मध्ये तो असतोच, तर त्या हेडरचं नावच बिघडतं आणि तो ओळखला जात नाही. विंडोजचं नोटपॅड २०१९ मध्ये आलेल्या १९०३ आवृत्तीपासून आपणहून बीओएमशिवाय सेव्ह करतं. त्याआधीचं करत नाही.

जाता जाता, व्हिमच्या चाहत्यांना राग येईल, पण मराठी लिहायला मी व्हिम सुचवत नाही. तो प्रत्येक अक्षराला ठरलेल्या रुंदीचा चौकोन देतो. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी त्या चौकोनांत नीट बसत नाहीत, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे दिसतं. केट, जीएडिट, व्हीएस कोड यांत देवनागरी व्यवस्थित उमटते. इंग्रजी मेल व्हिममध्ये, मराठी केटमध्ये अशी वाटणी करणारे आहेत, आणि त्यात गैर काही नाही.

आता सुरक्षेचं. मेल एन्क्रिप्ट करून पाठवत असाल तर हे नीट लक्षात घ्या: एन्क्रिप्शन पाठवताना होतं, टेम्पररी फाईल उघड्या मजकुराची असते. एडिटर तिच्या भोवती आणखी पसारा करतो. व्हिमची स्वॅप फाईल, बॅकअप, अनडूची फाईल, व्हिमइन्फोमध्ये शिल्लक राहिलेले कॉपी केलेले तुकडे. क्लायंट स्वतःची फाईल पुसतो, पण एडिटरने केलेला पसारा आवरणं त्याचं काम नाही. मेलसाठी एडिटर वेगळ्या सेटिंगने चालवा, ज्यात हे चारही बंद आहेत, आणि लिनक्सवर टेम्पररी फाईल मेमरीतल्या फोल्डरमध्ये बनेल असं पाहा. व्हीएस कोडमध्येही न सेव्ह केलेल्या फाईलींची प्रत ठेवण्याची आणि फाईलचा जुना इतिहास राखण्याची सोय आपोआप चालू असते, ती विसरू नका.

दुसरा धोका उलट दिशेचा. तुम्ही उत्तर लिहायला एडिटर उघडता तेव्हा त्यात परक्या माणसाचा उद्धृत मजकूर असतो. व्हिम फाईलमधल्या विशिष्ट ओळी, ज्यांना मोडलाइन म्हणतात, वाचून स्वतःची सेटिंगं बदलतो. २०१९ मध्ये यातल्या एका भोकातून थेट कमांड चालवता येते असं उघड झालं आणि ते व्हिमच्या ८.१.१३६५ या दुरुस्तीत बुजवलं गेलं. व्हिमसोबत येणाऱ्या मेलच्या प्लगइनमध्ये मोडलाइन मुद्दाम बंद केलेली आहे, आणि तिथे टिप्पणीत चक्क ‘ट्रोजन हॉर्स आणि वाईट थट्टा टाळण्यासाठी’ असं कारण लिहिलंय. पण हे लागू होतं फाईल मेल म्हणून ओळखली गेली तरच. तुमच्या क्लायंटची टेम्पररी फाईल ‘.टीएक्सटी’ नावाने येत असेल तर ती साधा मजकूर ठरते आणि हे कवच मिळत नाही. तेव्हा मोडलाइन सरसकट बंद करून टाका, मेलसाठी तिचा उपयोगही नाही.

एक सवय लावून घ्यावी लागते: एडिटर उघडा असेपर्यंत क्लायंटच्या चौकटीत टाइप करायचं नाही. क्लॉज मेल तेवढा वेळ ती चौकट बंदच ठेवतो. सगळे क्लायंट एवढे काळजीवाहू नसतात, आणि तिथे जे नंतर परत येतं ते आधीच्यावर लिहिलं जातं. शिवाय थंडरबर्ड दर पाच मिनिटांनी मसुदा आपोआप जतन करतो तो चौकटीतला, तुमच्या एडिटरमधला नाही. म्हणून लांब मेल असेल तर एडिटरमध्ये सेव्ह करत राहा. वीज गेली तर ड्राफ्ट्समध्ये जुनाच मजकूर सापडेल आणि नवा टेम्पररी फाईलमध्ये; ती फाईल मेमरीतल्या फोल्डरमध्ये असेल तर मात्र तोही जातो.

एडिटर न उघडता मजकूर एखाद्या प्रोग्रॅममधून गाळून घेणं हाही याच कुळातला प्रकार. क्लॉज मेलच्या ‘अ‍ॅक्शन्स’ यासाठीच आहेत. कमांडच्या सुरुवातीला उभी रेघ दिली की मेलचा मजकूर किंवा निवडलेला भाग त्या कमांडला इनपुट म्हणून जातो, शेवटी उभी रेघ दिली की निघालेलं आउटपुट त्याच जागी बसतं. ओळी नीट मोडणं, यादी वर्णानुक्रमे लावणं, उद्धरणातल्या खुणा साफ करणं या कामांना एवढं पुरतं. फक्त परक्याच्या मेलमधला मजकूर कमांडच्या ओळीत शब्द म्हणून देऊ नका, इनपुटवरूनच द्या. शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) त्यातल्या चिन्हांचा काय अर्थ लावेल ते तुमच्या हातात राहत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आलेला मेल बदलण्याचा. न पाठवलेला मसुदा तुमचा असतो, तो हवा तसा बदला. आलेला मेल आयमॅपच्या (मेल सर्व्हरवर ठेवून वाचायच्या पद्धतीच्या) दृष्टीने बदलण्याची गोष्टच नाही. आरएफसी ३५०१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की एका फोल्डरमधला एक क्रमांक हा कायम एकाच, कधीही न बदलणाऱ्या संदेशाकडे बोट दाखवतो. त्याचा आकार, रचना, मजकूर काहीच बदलता येत नाही. मग ‘आलेला मेल सुधारणारी’ साधनं करतात काय? ती सुधारलेली नवी प्रत फोल्डरमध्ये टाकतात आणि जुनी पुसतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे घोटाळे आपोआप उलगडतात. नवी प्रत टाकताना तारीख दिली नाही तर सर्व्हर त्या क्षणाची तारीख लावतो आणि तीन वर्षांपूर्वीचा मेल वेबमेलमध्ये आज आल्यासारखा वर येऊन बसतो. खुणा, टॅग पुन्हा द्यावे लागतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा क्लायंट तो मेल नव्याने उतरवून घेतो.

सर्वांत वाईट रस्ता म्हणजे थंडरबर्डच्या प्रोफाईलमध्ये जाऊन फोल्डरची फाईल एडिटरमध्ये उघडणं. ठरवून काही बदललं नसेल तर तिथे एमबॉक्स पद्धत असते: एका फोल्डरचे सगळे मेल एकाखाली एक, एकाच फाईलमध्ये. शेजारच्या ‘.एमएसएफ’ फाईलमध्ये कुठला मेल कितव्या बाइटापासून सुरू होतो याची नोंद. वरच्या एका मेलमध्ये चार अक्षरं वाढवलीत की खालचे सगळे पत्ते चार घरं सरकतात. मेल उघडला की दुसऱ्याच मेलचं शेपूट दिसायला लागतं. करायचंच असेल तर थंडरबर्ड पूर्ण बंद करून, फाईलची प्रत ठेवून करा, आणि नंतर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून ‘रिपेअर फोल्डर’ चालवा म्हणजे नोंदी नव्याने बनतात. आयमॅपच्या खात्यात मात्र हे निरर्थक आहे, कारण ती फाईल फक्त सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते. दुरुस्ती करायला गेलात की मूळ मेल पुन्हा उतरतो आणि तुमची मेहनत गडप. मेलडिर या दुसऱ्या साठवण पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाईल असते, म्हणून ते सोपं वाटतं, पण डव्हकॉटसारखा मेल सर्व्हर फाईलच्या नावातच तिचा आकार लिहितो. आतला मजकूर बदलला आणि नाव तेच राहिलं की तो आकार जुळत नसल्याची तक्रार करायला लागतो.

जड अटॅचमेंट काढायला बाहेरचा प्रोग्रॅम लागतच नाही. थंडरबर्डमध्ये अटॅचमेंटवर राइट-क्लिक करून ‘डिटॅच’ किंवा ‘डिलीट’ निवडा. तो वर सांगितलेलीच नवी प्रत टाकण्याची कसरत स्वतः करतो आणि अटॅचमेंटच्या जागी ‘इथली फाईल काढली’ अशी नोंद ठेवतो. एमबॉक्समध्ये जागा मोकळी व्हायला नंतर फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करावा लागतो. अटॅचमेंटवरूनच एक इशारा: मेलमधूनच वर्डची फाईल डबल-क्लिकने उघडून त्यात बदल करणारे फार आहेत. उघडलेली फाईल टेम्पररी फोल्डरमधली प्रत असते. तुम्ही केलेले बदल मेलमध्ये कधीच परत जात नाहीत, कारण मसुद्यासारखी इथे कोणी त्या फाईलची वाट बघत नसतं. आधी ‘सेव्ह अ‍ॅज’, मग काम.

राहिला विषय बदलण्याचा प्रश्न. पहिल्यांदा स्वतःला विचारा की तो कशासाठी बदलायचाय. नंतर शोधायला सोपं जावं म्हणून असेल, आणि बहुतेक वेळा तेवढंच असतं, तर टॅग लावा. मेलला धक्का लागत नाही आणि शोध तितकाच चालतो. थंडरबर्डच्या ‘एडिट अ‍ॅज न्यू मेसेज’ने विषय बदलता येतो खरा, पण तो तुमच्या नावाचा नवा मसुदा असतो, त्याला नवा मेसेज-आयडी (मेलची ओळखखूण) मिळतो आणि मूळ संवादाच्या साखळीतून तो सुटतो. खरोखरच मूळ मेलचा विषय बदलायचा असेल तर त्यातल्या त्यात सरळ साधन मट आहे. त्यात यादीत मेलवर उभं राहून ‘ई’ दाबलं की कच्चा मेल एडिटरमध्ये उघडतो, आणि बंद केल्यावर बदललेला मेल फोल्डरमध्ये जोडला जाऊन जुन्यावर पुसण्याची खूण होते. आयमॅपच्या खात्यावरही हे चालतं. फोल्डरमधून बाहेर पडेपर्यंत जुना हाताशी असतो, तेव्हा खात्री करूनच पुसा.

अडचण अशी की कच्च्या मेलमध्ये मराठी विषय वाचता येत नाही. तो आरएफसी २०४७ च्या पद्धतीने गुंडाळलेला असतो, एकेक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. त्या जागी सरळ देवनागरी टाइप केली तर काही क्लायंट वाचतील, काही प्रश्नचिन्हं दाखवतील. म्हणून मराठी विषय बदलायला एडिटरऐवजी पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम वापरा. मेल ‘.ईएमएल’ म्हणून सेव्ह करा. पायथनच्या ईमेल लायब्ररीने ‘डीफॉल्ट’ पॉलिसी देऊन ती बाइटांतून वाचा, जुना ‘सब्जेक्ट’ काढून नवा द्या, पुन्हा बाइटांत लिहा. गुंडाळण्याचं काम लायब्ररी करते. तयार झालेली फाईल थंडरबर्डच्या फोल्डरवर ओढून टाका.

डिजिटल सही केलेले मेल मात्र यातून वगळा. डीकेआयएममध्ये (पाठवणारा सर्व्हर मेलवर करतो त्या सहीत) विषय आणि मजकूर हे दोन्ही सहसा सहीखाली असतात, त्यामुळे एक अक्षर बदललं तरी पडताळणी मोडते. पाठवणाऱ्या माणसाची पीजीपी किंवा एस-माइम पद्धतीची सही असलेल्या मेलच्या मजकुराला हात लावलात तर क्लायंट सही मोडल्याचं दाखवणार. करार, बिलं, तक्रारी असल्या मेलांना तर बिनसहीचे असले तरी हात लावू नका. उद्या मूळ दाखवायची वेळ आली तर सुधारलेली प्रत काही कामाची नाही. विषय बदलायचाच असेल तर ‘लोकल फोल्डर्स’मध्ये वेगळा फोल्डर करून त्यात प्रत काढा आणि बदल तिथल्या प्रतीत करा. तिथे आयमॅप सर्व्हरचा संबंध येत नाही, आणि मूळ मेल होता तिथे, होता तसाच राहतो.